अडलेले आमेन

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की पहिले आमेन भोंगा म्हणतो, आणि त्याच्यामागून बाकीची मंडळी. ही पद्धत कुठल्या शास्त्रात सापडणार नाही. ती पत्र्यामुळे पडली. चर्चची इमारत मूळची धान्याची वखार. छपराचा पत्रा आवाज असा काही घुमवतो की पुढच्या बाकांना प्रार्थना कळते आणि मागच्यांना नुसती गुणगुण. पूर्वी पाळकांनी श्वास घ्यायला थांबावे आणि मागच्यांनी आमेन म्हणून खाली बसावे, असे सर्रास चाले. माइक लावून पाहिला, तर तीच गुणगुण मोठ्याने ऐकू येऊ लागली. शेवटी कोणीतरी म्हणाले, बस स्टँडवर नवीन लागलेला तो पोरगा आहे ना, त्याला बरोबर मध्यावर बसवा. त्याला पुढचे ऐकू येईल आणि त्याचे सगळ्यांना.

तो पोरगा आता निवृत्तीला आला आहे, म्हणजे माझ्याच बरोबरीचा. बस स्टँडच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारणे हे त्याचे काम. फलाट, गावाचे नाव, मधले थांबे, आणि शेवटी ‘प्रवाशांनी सामान सांभाळून चढावे’. आवाज असा की काचेची खोली नसती तरी चालले असते. भोंगा हे नाव त्याला ड्रायव्हर लोकांनी दिले आणि ते त्याने तक्रार न करता घेतले. घरातही तो हळू बोलू शकत नाही. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, यांच्याशी भांडण करायचं म्हणजे सगळ्या गल्लीला आमंत्रण.

भोंग्याचा बाप डोंगरापलीकडून रस्त्याच्या कामावर आला आणि इथेच राहिला. हे सर्वांना माहीत आहे, आणि माहीत असून कोणाच्या लक्षात नसते. डोंगरापलीकडच्या लोकांसाठी आमच्याकडे एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही. वाचकाचे त्यावाचून काही अडणार नाही. जिथे दोन तऱ्हेची माणसे शेजारी राहतात तिथे असा एखादा शब्द असतोच, आणि तो कोणासाठी आहे हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळते. भोंग्यासमोर लोक तो शब्द बिनदिक्कत वापरत. वापरून झाल्यावर एखादा म्हणे, ‘तुला नाही रे, तू आमचाच.’ भोंगा हसे. ते हसणे कसले होते, हे आम्ही कोणी कधी विचारले नाही.

बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि घर शांत झाले. तेव्हा भोंग्याने तिकडेच वाढलेल्या आणि तिकडेच लग्न झालेल्या आपल्या थोरल्या बहिणीला पलीकडून आणले. तिलाही कोणी नव्हते, आणि तिच्या गावातली चढण तिच्या गुडघ्यांना झेपेनाशी झाली होती. ताई आली ती एक पेटी, एक खुर्ची आणि एक अर्धवट स्वेटर घेऊन. स्वेटर भोंग्यासाठी होता. त्याला एकच बाही होती. भोंगा सांगे, ‘मी नोकरीला लागलो तेव्हा सुरू केला होता. आता निवृत्तीचा मुहूर्त धरलाय.’

‘तू वाढतच होतास,’ ताई म्हणे. ‘आधी उंचीनं, मग पोटानं. माप घेऊ तरी कधी?’

ताई देवभोळी. पलीकडे तिच्या गावातही लहानसे चर्च होते. पण इथल्या चर्चला यायला ती तयार होईना. भोंगा प्रत्येक रविवारी विचारी आणि ती प्रत्येक रविवारी गुडघ्यांचे नाव पुढे करी. एकदा तिने खरे कारण सांगितले.

‘तिथं मी तोंड उघडलं की सगळ्यांना कळणार मी कुठली.’

‘कळू दे की. मीही तिथलाच आहे.’

‘तुझी बोली गेली. माझी आहे.’

तरी एका रविवारी ती आली. चांगली शाल काढली होती. भोंग्याने तिला मधल्या बाकावर आपल्याशेजारी बसवले. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसतो. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी सूर धरला तेव्हा ताईने गीत म्हटले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आवाज घराण्यातलाच होता. आसपासच्या दोघीतिघींनी वळून पाहिले आणि ओळखीचे हसल्या. भोंगा इतका खूश होता की त्याचे कान लाल झाले होते.

आमचे पाळक मनाने चांगले आहेत. दवाखान्यात कोणी असले की डबा घेऊन जातील, कोणाचे छप्पर उडाले तर शिडी खांद्यावर टाकून पोहोचतील. उपदेशात घरगुती दाखले देण्याची त्यांची सवय, आणि मंडळींना ती आवडते. त्या दिवशी विषय होता, हाती घेतलेले काम शेवटास न्यावे. बोलता बोलता ते रंगात आले आणि म्हणाले, ‘आपण काय,’ आणि इथे तो शब्द, ‘आहोत का, काम अर्धं टाकून उठून जायला?’

हॉल हसला. पुढचे दाखला ऐकून हसले, मागचे पुढचे हसले म्हणून.

ताईने मान वळवली नाही. मांडीवरची शाल उचलली, घडी घातली, ती घडी आणखी एकदा दुमडली. भोंग्याची पाठ माझ्यासमोर होती. ती ताठ झाली.

मग शेवटची प्रार्थना. आमच्याकडे ती उभ्याने होते आणि आमेन झाल्याशिवाय कोणी बसत नाही. पाळकांनी प्रार्थना केली, संपवली, आणि थांबले. आम्ही थांबलो. आमेन आले नाही. पाळकांना वाटले भोंग्याला ऐकू गेले नसेल, म्हणून त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा म्हटले, जरा मोठ्याने. भोंगा मान खाली घालून उभा होता, तोंड मिटलेले. मागून कोणीतरी खोकले. पुढचे मागे पाहू लागले, मागचे पुढे. सबंध मंडळी उभी, आणि बसावे की नाही कोणालाच कळेना. अखेर ऑर्गनवाल्या बाईंनी न सांगताच गीत सुरू केले आणि त्या गडबडीत लोक बसले, उठले, बाहेर पडले.

घरी जाताना ताई एवढेच म्हणाली, ‘मी तुझ्या घरात राहीन. तुला दोन वेळा जेवायला घालीन. त्या हॉलमध्ये मात्र परत नेऊ नकोस.’

भोंग्याने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितले. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला बरे वाटले असते. म्हणाला, ‘बायकोला शेवटचं त्याच हॉलमधून नेलं मी. ते चर्च सोडणार नाही. आणि बहिणीला घरी ठेवून तिथं बसायचं हेही जमणार नाही. आता तूच सांग, मी कुठं बसू?’



त्याच आठवड्यात चर्चची कमिटी त्याच्या घरी गेली. कमिटी म्हणजे पाळकसाहेब, किराणा दुकानदार आणि मी. दुकानदार कमिटीत सर्वांत जुना, आणि वाद मिटवणे हा आपला प्रांत आहे अशी त्याची समजूत. भोंग्याने आम्हाला बसवले. ताई आपल्या खुर्चीत स्वेटर घेऊन बसली होती. चहा झाला.

दुकानदार म्हणाला, ‘एका शब्दावरून एवढं धरून बसायचं का? दुकानात दिवसभर लोक म्हणतात.’

‘दुकानात मी आमेन म्हणत नाही,’ भोंगा म्हणाला.

पाळकांनी खुर्ची पुढे ओढली. ‘हे पाहा, मी तुम्हाला उद्देशून थोडंच म्हणालो? तुम्ही तर आमचेच. तुमच्या मनात तसं आलं कसं, याचंच मला नवल वाटतं.’

‘मला म्हणाला असतात तर तुमच्या घरी येऊन भांडलो असतो, साहेब. मिटलं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, म्हणून मी सगळ्यांसमोर गप्प बसलो.’

पाळक ताईकडे वळले. ‘ताई, तुमची तरी खात्री पटावी. माझ्या मनात कोणाविषयी काही नव्हतं. मी फक्त अर्धवट कामाबद्दल बोलत होतो.’

ताईने सुया थांबवल्या आणि स्वेटर दोन्ही हातांनी वर धरला. एक बाही लोंबत होती, दुसऱ्या बाजूला नुसते भोक.

‘अर्धवट कामाचं म्हणाल तर खरं आहे,’ ती म्हणाली. ‘हा बघा. याच्या नोकरीइतका जुना आहे. पण ती माझी खोड आहे, पाळकसाहेब. माझ्या लोकांची नाही. आमची मधली बहीण होती, ती एका हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांचे विणून मोकळी व्हायची.’

दुकानदार हसला, मग आपण एकटेच हसलो हे पाहून कपात बघू लागला.  निघताना पाळकांनी चपला उलट्या घातल्या, डावी उजव्या पायात, आणि फाटकापर्यंत तसेच गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी सुरुवातीलाच विषय काढला. म्हणाले, ‘मागच्या वेळच्या माझ्या बोलण्यानं कोणाचं मन दुखावलं असेल, तर मी दिलगीर आहे.’ आणि लगेच आजारी मंडळींची नावे वाचायला घेतली. अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. भोंगा जागेवर होता, शेजारची जागा रिकामी. शेवटची प्रार्थना झाली, आम्ही उभे, आणि आमेन पुन्हा अडले.

दुकानदाराने याची तयारी ठेवली होती. तो मधल्या रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला होता. त्याने घसा साफ केला आणि आमेन म्हटले. पण त्याचा आवाज बारीक, आणि आमच्या कानांना सवय दुसऱ्या आवाजाची. पुढच्यांनी ते ऐकले आणि संशयाने अर्धे म्हटले. मधल्यांना वाटले कोणाला तरी शिंक आली. मागच्यांनी पुढच्यांचे अर्धे आमेन ऐकून आपले सुरू केले, तोवर दुकानदाराने धीर करून दुसऱ्यांदा म्हटले. काही बसले, काही बसता बसता पुन्हा उठले. एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत उभेच होते. त्यांना बाहेर नेताना सांगावे लागले की झाले आहे.

दारापाशी ऑर्गनवाल्या बाई मला म्हणाल्या, ‘वखारीत पोती याहून बरी रचायचे.’

त्यानंतर मंडळींत दोन तट पडले. काही म्हणत, भोंगा अडवणूक करतोय. काही, विशेषतः बायका, म्हणत की ‘असेल तर’ ही काय माफी झाली, दुखावले हे तर दिसतच होते. आतापर्यंत गप्प असलेले काहीजण बोलू लागले. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका गवंड्याने मला सांगितले की त्याची आई पलीकडची होती, हे त्याने इथे कधी कोणाला कळू दिले नव्हते. एवढे सांगून तो इकडे तिकडे पाहायला लागला, जणू खिशातले काही पडले.

पाळक एका दुपारी बस स्टँडवर गेले. पुढचे मला भोंग्याकडून कळले, आणि थोडे नंतर खुद्द पाळकांकडून. काचेच्या खोलीत दुसरी खुर्ची नाही. पाळक पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर बसले. भोंगा दोन गाड्या पुकारण्याच्या मधे बोले.

खिडकीबाहेर एक कंडक्टर डोंगरापलीकडे जाणाऱ्या गाडीसाठी माणसे गोळा करत होता. त्याने त्या गाडीला तोच शब्द जोडून हाक दिली. स्टँडवर सगळेच त्या गाडीला तसे म्हणतात. पाळकांनी हे आयुष्यभर ऐकले असणार. त्या दिवशी ते दचकले.

भोंग्याने बटण दाबले आणि तीच गाडी पुकारली. शेवटच्या गावाचे पूर्ण नाव, मधली सगळी गावे, एकही न गाळता, आणि प्रवाशांनी सामान सांभाळून चढावे. मग बटण सोडले.

‘हे तुम्ही रोज ऐकता?’ पाळकांनी विचारले.

‘इथं ऐकतो. बाजारात ऐकतो. चर्चमध्ये ऐकायचं नव्हतं, एवढंच.’

 पाळक म्हणाले, ‘माझी आई आम्हा भावंडांना रागवताना तो शब्द वापरायची. ताटात अन्न टाकलं, पुस्तक उघडं ठेवलं, की तो शब्द. मी मोठा होईपर्यंत मला माहीतच नव्हतं की तो माणसांचा शब्द आहे. आणि कळल्यावरही मी तो टाकून दिला नाही.’

‘माझ्या घरातही माझी बायको एकदा म्हणाली होती,’ भोंगा म्हणाला. ‘माझ्यासमोरच, दूधवाल्याला. नंतर आठवडाभर तिला माझ्याकडे बघता येईना. मग मीच म्हटलं, बघ बाई, नाहीतर भाजी करपते.’

पाळक हसले आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले. ‘मी काय करू ते सांगा.’

‘मला विचारू नका. घरी जाऊन ताईला विचारा. दुखलं तिला. मला सवय झाली होती, तेच वाईट झालं.’

पाळक तसेच उठून ताईकडे गेले. ताईने त्यांना दारातच सांगितले. ‘जिथं सांडलंय तिथं पुसा. माझ्या ओटीवर पुसून काय उपयोग? आणि असेल तर, तसेल तर, असलं काही नको. आणि एक, तिथं रडू नका. तुम्ही रडलात की सगळ्या बायका मलाच म्हणतील, जाऊ द्या ना ताई.’

‘तुम्ही याल?’

‘ऐकायला येईन. बसेन की नाही ते ऐकल्यावर.’

त्या रविवारी ताई आली खरी, पण मधल्या बाकापर्यंत नाही. भोंग्याशेजारची जागा पाहून तिने मान हलवली आणि अगदी मागे, दाराजवळ, गवंड्याच्या कुटुंबाशेजारी उभी राहिली. निघायला सोपे. भोंगा आपल्या जागी गेला. त्याची चुळबूळ मला मागून दिसत होती.

पाळक व्यासपीठावर चढले, दाराकडे पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आले की तिथे आपला शब्द पोहोचणार नाही. ते खाली उतरले. बाकांच्या मधल्या वाटेने चालत, भोंग्याला मागे टाकून, थेट मागच्या बाकांपर्यंत आले. सगळ्या मंडळींना माना वळवाव्या लागल्या, आणि पुढच्या बाकांवरची प्रतिष्ठित माणसे पहिल्यांदाच मागची झाली.

तिथे उभे राहून ते बोलले. आवाज त्यांचा नेहमीचा, जरा कोरडा. ‘मी डोंगरापलीकडच्या लोकांना हिणवणारा शब्द इथे वापरला. तुम्ही हसलात, मला बरं वाटलं, हेही खरं. मग म्हणालो, कोणाचं मन दुखावलं असेल तर. दुखावलं होतं. मला माहीत होतं, मी पाहिलं होतं. तो शब्द माझ्या आईकडून आला. ती प्रेमळ बाई होती, शब्द प्रेमळ नव्हता. ताई, मी तुमची माफी मागतो. या हॉलमध्ये आणखी ज्यांना तो लागला आणि ज्यांनी आजवर सांगितलं नाही, त्यांचीही. पुन्हा माझ्या तोंडून आला तर मला तिथेच थांबवा. उपदेश चालू असला तरी.’

रडले नाहीत. सांगितल्याप्रमाणे.

गवंडी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती. त्याच्या मुलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पाळकांनी मागूनच प्रार्थना सुरू केली. आम्ही सगळे उभे राहिलो, निम्मे पाठमोरे, निम्मे तोंड वळवून. आता गुणगुण पुढच्यांच्या वाट्याला आली होती. संपली कधी, त्यांना कळणे शक्यच नव्हते. पाळक थांबले. हॉल थांबला. भोंगा वळून दाराकडे पाहत होता. पाळकांकडे नव्हे, बहिणीकडे. ती काय करते, बाहेर जाते की काय, एवढेच तो पाहत होता. त्याचे तोंड उघडले होते आणि शब्द येत नव्हता. मला वाटले आता तिसऱ्यांदाही अडणार.

तेवढ्यात दाराजवळून तो घराण्यातला आवाज आला, पलीकडच्या बोलीच्या हेलात, पत्र्याला न जुमानता पार व्यासपीठापर्यंत.

‘अरे, म्हण की आता. गुडघे भरून आले माझे.’

हॉल हसला. याच हॉलचे हसणे मी आधीही ऐकले होते. या वेळी मागचे आधी हसले आणि पुढचे त्यांच्या मागून. भोंग्याने आमेन म्हटले. गाडी सुटण्याआधी शेवटचे पुकारतो तसे, सगळ्या थांब्यांना ऐकू जाईल असे. आणि आम्ही सर्वांनी एकदम म्हटले, कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही. ताई तिथेच, मागच्या बाकावर, गवंड्याच्या मुलीने करून दिलेल्या जागेत बसली.

तेव्हापासून ती जागा तिची. भोंगा मध्यावर, ताई मागे. ती म्हणते, मागे बसले की उपदेश ऐकू येत नाही, त्यामुळे मन एकाग्र होते. पाळक आता महिन्यातून एखादा उपदेश मागच्या बाजूने देतात, तेव्हा तिची पंचाईत होते. सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. बस स्टँडवर त्या गाडीला अजून तशीच हाक पडते, पण भोंगा काचेतून पाहत असला तर तो कंडक्टर गावाचे नाव घेतो. दुकानदाराच्या तोंडी तो शब्द परवाही आला. दुकानात ताई होती. तो मध्येच थांबला, जीभ चावली, आणि तिला साखर जरा जास्तच मोजली. ताईने जास्तीची परत केली. ‘साखर नको,’ ती म्हणाली. ‘शब्द तेवढा सोड.’

‘सुटतोय, ताई,’ तो म्हणाला. ‘हळूहळू सुटतोय.’

भोंग्याच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला आहे. स्टँडवर त्याच्या जागी कोण येणार हे ठरले नाही. चर्चमध्ये तो प्रश्न नाही, तिथे निवृत्ती नसते. स्वेटरची दुसरी बाही कोपरापर्यंत आली आहे. मी विचारले, की निवृत्तीपर्यंत होईल का. ताईने सुया न थांबवता उत्तर दिले.

‘घाई काय आहे? मी आता कुठं जाणार आहे?’